बिनगावाचा संघ

फ्रीमाँट (कॅलिफोर्निया), ऑक्टोबर २०२५

दादाचा पुण्याहून रविवारचा फोन ठरलेला. ‘काय गं, तुमचे ते बेसबॉलवाले कितवे आले?’ हा प्रश्नही दर ऑक्टोबरात ठरलेला. या वेळी म्हटलं, पाचांत चौथे आले, पण आता ते आमचे नाहीत. बिऱ्हाड हलवलं त्यांनी, सॅक्रामेंटोला. तिकडे क्षणभर शांतता. मग दादा म्हणाला, ‘मग दुसरा संघ धरा की. तुमच्याकडे काय तोटा? नाहीतरी सगळा पैशाचाच खेळ.’

दुसरा संघ धरा! जणू वाण्याचं दुकान बदलायचंय. फोन ठेवल्यावर तासभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडले, आणि ते भांडणच या वेळी वार्तापत्र म्हणून पाठवते आहे. अमेरिकेत सगळं रोखठोक, इथे कुणी कशात जीव अडकवत नाही, हा समज फक्त दादाचा नाही. इथे यायच्या आधी माझाही होता.

तर आमचा संघ म्हणजे ओकलंड अॅथलेटिक्स. इथे कुणी एवढं लांब नाव घेत नाही, नुसतं ‘ए’ज’ म्हणतात. फ्रीमाँटहून बार्ट गाडीने कोलिझियम स्टेशनला उतरायचं की थेट स्टेडियमपर्यंत नेणारा पादचारी पूल. पुलावर दोन्ही बाजूंना शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या, तव्यावर चरचरणारे हॉटडॉग विकणारे. अगदी लक्ष्मी रोडची गर्दी. मी बेसबॉलकडे वळले ती मुलाच्या लिटल लीगमुळे. मुलगा कॉलेजात गेला, खेळ सोडला, आई मात्र अडकली. त्याला जबाबदार आमचे शेजारी. इथल्या मोटारींच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. ते मला नावाने हाक मारतात. मी त्यांना तोंडावर नावाने आणि मनात आजोबा म्हणते. खिशात पेन्सिल, मांडीवर पुठ्ठा, त्यावर सामन्याचा तक्ता. फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी ‘के’ लिहायचा. शेवटच्या चेंडूला त्याने बॅटच फिरवली नसेल, नुसता बघत राहिला असेल, तर ‘के’ उलटा काढायचा. आजोबा उलटा ‘के’ काढतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शाळामास्तराने भोपळा काढावा तसा भाव असतो.

स्टेडियम म्हणाल तर भिकार. १९६६ सालचं कॉंक्रीट. २०१३ मध्ये एकदा सांडपाणी उलटून खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं आणि दोन्ही संघांना आंघोळीला फुटबॉलवाल्यांच्या खोलीत जावं लागलं. पूर्वी तिथून ओकलंडच्या टेकड्या दिसत. मग लॉस एंजेलिसला गेलेला रेडर्स हा फुटबॉल संघ परत यावा म्हणून नव्वदच्या दशकात खुर्च्यांची एक प्रचंड भिंत बांधली, टेकड्या गेल्या. रेडर्स १९९५ मध्ये आले खरे, आणि २०२० मध्ये लास व्हेगासला गेलेसुद्धा. वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ त्याच्या आदल्या वर्षी खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला. उरले होते ए’ज.

तेही २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटचे खेळले. गुरुवार, दुपारचा सामना, ४६,८८९ माणसं. मी दातांच्या डॉक्टरांचं निमित्त सांगून ऑफिसातून निघाले होते. पुलावर माझी बॉस भेटली. दोघीही काही बोललो नाही. टेक्सासला ३-२ हरवलं. मानाचा पहिला चेंडू टाकायला रिकी हेंडरसन आला होता, ओकलंडमध्येच वाढलेला, १,४०६ बेस चोरणारा (म्हणजे चेंडू फेकला जात असताना पळत सुटून पुढचा टप्पा गाठणारा), ज्याच्या जवळपासही आजवर कुणी पोचलेलं नाही. तीन महिन्यांत तोही गेला. सामना संपल्यावर लोक उठेनात. धिप्पाड, दाढीवाले बाप्ये हमसून रडत होते, आणि कठड्याशी रांग लागली होती. कशाची? तर मैदानाच्या मातीची. माळी मंडळी ती तांबूस माती देत होती आणि माणसं ती कागदी पेल्यात धरून अंगाऱ्यासारखी जपून नेत होती. आजोबांनी घेतली नाही. म्हणाले, ‘माती इथलीच आहे, इथेच राहू दे. जाणारे ते आहेत.’

आता गेले का, ते ऐका. मालकाला नवं स्टेडियम हवं होतं आणि त्यातला मोठा वाटा दुसऱ्याने उचलायला हवा होता. २००६ मध्ये तर आमच्या फ्रीमाँटलाच येणार म्हणाले. आम्ही हुरळलो. इथल्याच काही रहिवाशांनी वाहतूक-पार्किंगची ओरड केली, २००९ मध्ये बेत बारगळला. (ओरडणाऱ्यांच्या सभेत एक मराठी गृहस्थही तावातावाने बोलले होते. सोसायटीच्या सभेची सवय.) मग सॅन होजे ठरलं. तिथे शेजारच्या जायंट्स या बेसबॉल संघाने हात आडवा घातला, हा आमचा इलाखा म्हणून. आणि गंमत बघा, तो इलाखा ए’जच्याच जुन्या मालकाने, जीन्सवाल्या लेव्हाय कुटुंबातल्या भल्या माणसाने, १९९० च्या सुमारास शेजारधर्म म्हणून एक पैसा न घेता जायंट्सना देऊन टाकला होता. जायंट्स तिथे गेले नाहीत, पण सातबाऱ्यावर नाव चढलं ते चढलं. सॅन होजे शहर कोर्टात गेलं. कोर्टाने १९२२ सालचा निकाल दाखवला: बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही. शंभर वर्षं जुना निकाल अजून उभा आहे. आपल्याकडच्या दाव्यांना नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

शेवटी २०२३ मध्ये नेव्हाडा राज्याने ३८ कोटी डॉलरची सरकारी मदत मंजूर केली, लीगमधल्या तीसही संघांच्या मालकांनी एकमुखाने हात वर केले, आणि ए’ज लास व्हेगासचे झाले. तिथलं स्टेडियम २०२८ ला होणार. तोवर राहायचं कुठे? सॅक्रामेंटोजवळ, चौदाएक हजार माणसांच्या एका छोट्या मैदानात. ते मैदान कुणाचं? जायंट्सच्या दुय्यम संघाचं. म्हणजे ज्यांनी सॅन होजेत पाय ठेवू दिला नाही, त्यांच्याच धाकट्याच्या घरात पोटभाडेकरू. आणि या तीन वर्षांत नावापुढे कुठलंच गाव लावायचं नाही, नुसतंच ‘अॅथलेटिक्स’.

आपल्याकडे मैदानावरून भांडणं झाली नाहीत का? झाली की. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचं ब्रेबॉर्नच्या तिकिटांवरून इतकं फाटलं की असोसिएशनच्या शेषराव वानखेड्यांनी ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं अख्खं स्टेडियम उभं केलं. १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. हट्ट म्हणावा तर असा. पण कुणाच्या स्वप्नात तरी आलं का की मुंबईचा संघच उचलून अहमदाबादला न्यावा? भांडा, कोर्टात जा, एकमेकांची तोंडं बघू नका, पण मुंबई मुंबईतच. कसबा गणपतीच्या मांडवावरून वाद झाला म्हणून गणपती पिंपरीला जात नाही.

खेळाडूंचंही तेच. परवा वाचलं, पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळायला लागला. त्याआधी यशस्वी जैस्वालने गोव्याला जातो म्हणून पत्र दिलं आणि मग मागेही घेतलं. आपल्याकडे खेळाडू ना हरकत प्रमाणपत्र मागतो. इथे खेळाडूला बहुधा कुणी विचारत नाही; सरकारी बदलीचा हुकूम निघावा तसा ‘ट्रेड’ होतो. १९८२ च्या ऑगस्टमध्ये जोएल यंगब्लड नावाचा खेळाडू दुपारी शिकागोत मेट्सकडून खेळला, खेळता खेळता त्याची बदली झाली, विमान पकडून तो फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री तिथे एक्सपोजकडून उतरला. दोन्हीकडे त्याने हिट मारली. आपला तलाठीसुद्धा इतक्या लवकर रुजू होत नाही.

मग लोक असल्या संघांत जीव का अडकवतात? दादा, त्याचं कारण आहे पेनंटची शर्यत. पेनंट म्हणजे पताका. हंगाम जिंकणारा संघ ती आपल्या मैदानावर फडकवतो. सहा महिने, १६२ सामने, जवळजवळ रोज एक. रोज सकाळी कोष्टक बघायचं: आपण पहिल्यापासून किती सामने मागे? आणि हा हिशेब अर्ध्या सामन्यांत चालतो. दीड मागे, अडीच मागे, साडेतीन मागे. माझ्या आजीने दिडकी-अडीचकी-औटकी पाठ करून घेतली होती, तिचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा ओकलंडला झाला. अमेरिकन माणसाला ‘औट’ म्हणजे साडेतीन हे समजावून सांगायचा प्रयत्न एकदा केला. आजोबांना इतकं आवडलं की ते अजून ‘औट गेम्स बॅक’ म्हणतात.

२०१२ चा हंगाम त्यांच्यासोबत पाहिला. जूनअखेर ए’ज तेरा सामने मागे. सगळ्यांनी आशा सोडली. आजोबांची पेन्सिल चालूच. नऊ सामने उरले तेव्हाही पाच मागे. मग शेवटचे सहाच्या सहा जिंकले. ३ ऑक्टोबर, हंगामाचा शेवटचा दिवस, समोर तेच टेक्सास, दोघे बरोबरीत. आमचे १-५ मागे पडले. मी बॅग आवरायला घेतली तर आजोबांनी नुसतं हाताने बस म्हणून खुणावलं. चौथ्या डावात टेक्सासच्या जॉश हॅमिल्टनने हातात आलेला सोपा झेल सोडला. अगदी आपल्या गल्लीतला बंड्या सोडेल तसा. १२-५ ने जिंकलो. अख्ख्या हंगामात ए’ज गटात एकटे पहिले असल्याचा तो एकच दिवस, आणि तोच शेवटचा. पुढच्याच फेरीत डेट्रॉइटने घरी पाठवलं, पण ते कुणी बोलत नाही.

अशी शर्यत हल्ली पातळ केलीये, हेही सांगते. आता बारा संघ बाद फेरीत जातात. याच वर्षी क्लीव्हलँड जुलैत डेट्रॉइटच्या साडेपंधरा सामने मागे होतं आणि तरी गट जिंकलं. एवढी मोठी पिछाडी इतिहासात कुणी भरून काढली नव्हती. बिचाऱ्यांनी पताका लावायच्या आत मागच्या दाराने आत आलेल्या डेट्रॉइटनेच त्यांना तीन सामन्यांत बाहेर काढलं. सहा महिन्यांची वारी आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवर ढकलाढकली. आजोबांनी त्या दिवशी टीव्ही बंद करून टाकला.

आता दादाच्या मुद्द्याकडे येते. पुण्याने आयपीएलचे दोन संघ घालवले, ठाऊक आहे ना? २०११ ते १३ पुणे वॉरियर्स, २०१६-१७ चे सुपरजायंट. २०१६ मध्ये तर दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर पाठवले आणि पुण्याचं ‘घर’ झालं विशाखापट्टणम. २०१७ चा अंतिम सामना मुंबईविरुद्ध एका धावेने हरलो, आणि दुसऱ्या वर्षी संघच नाही. मी दादाला विचारलं होतं, वाईट वाटलं का? तो म्हणाला, ‘आपला होता कधी?’ पुढच्या वर्षी कावेरीच्या वादात चेन्नईचे सामने पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियमला आले, तर त्यांचे प्रेक्षक अख्खी आगगाडी भरून पिवळे कपडे घालून आले. पुणेकर बघत राहिले.

बरोबर आहे, तो आपला नव्हता. मग आपला कोणता? महाराष्ट्राचा रणजी संघ. तो कधी कुठे गेला नाही, जाणारही नाही. त्याला मालकच नाही. एकाच राज्यात आपले तीन संघ आहेत. मुंबईने रणजी ४२ वेळा जिंकली, विदर्भाने याच वर्षी तिसऱ्यांदा. गेल्या खेपेला पुण्यात होते तेव्हा दादाला म्हटलं, चल गहुंज्याला, रणजी चालू आहे. म्हणाला, ‘कोण जातं?’ एकटी गेले. मोठ्या थोरल्या स्टेडियमात आम्ही साठ-सत्तर जण असू, त्यात निम्मे सुरक्षारक्षक. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत येत होता. त्या पुलावरची गर्दी आठवली आणि राग नेमका कुणाचा धरावा कळेना: पेलाभर माती घेऊन रडणाऱ्यांना टाकून जाणाऱ्या इथल्या मालकाचा, की घरचा संघ दारात उभा असताना ‘कोण जातं’ म्हणणाऱ्या माझ्या भावाचा.

आजोबा यंदा एकदाच सॅक्रामेंटोला जाऊन आले. दोन तासांचा रस्ता, रणरणतं ऊन. तक्ता पूर्ण भरून आणला, पण वरच्या कोपऱ्यात जिथे ते संघाचं नाव लिहितात तिथे या वेळीही ‘ओकलंड’च लिहिलंय.

रणजीचा नवा हंगाम १५ ऑक्टोबरपासून आहे. दादा, गहुंज्याला सामना लागला की एक दिवस रजा टाक आणि जा. डबा, टोपी आणि पेन्सिल सोबत ने.