मेस्तांचा गुरुवार

पहाटे ५.४०

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तेव्हा मेस्त गेटपाशी उभेच होते. चार पोई, वीस रुपये. सुट्टे नसले तर पोदेर उद्यावर ठेवतो, पण मेस्त उद्यावर ठेवत नाहीत. जुलै महिना, रात्रभर कोसळून पाऊस आत्ता कुठे दम घेतोय.

सासष्टीतलं हे गाव मडगावपासून स्कूटरनं वीस मिनिटांवर. चर्चच्या कॉयरला आणि गावातल्या पोरांना संगीत शिकवतो तो मेस्त. हे एकसष्ट वर्षांचे आहेत. अकरा वर्षं बोटींवरच्या बँडमध्ये वाजवलं, मग परत आले.

चहा उकळेपर्यंत ते व्हायोलिनची पेटी उघडतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात. जोर लावला तर तार तटकन तुटते. साध्या तारांचा संच सहाशेच्या घरात, म्हणून जोर लावायचा नाही. खुंटी हलकेच बाहेर काढायची, तिच्यावर पेन्सिलचं शिसं घासायचं, परत बसवायची. पेटीच्या कोपऱ्यात बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्यात. शेजारीपाजारी नवे बूट घेतले की पुडी इकडे येते.

६.१५

चर्चमध्ये मिस. मेस्त कीबोर्डवर, शेजारी सात बायका, समोर वीसेक माणसं. रोजचीच गाणी, कागदाकडे कुणी बघत नाही. चर्चकडून महिन्याला मानधन मिळतं. आकडा विचारला तर मेस्त घड्याळ बघतात.

८.००

जेवणाच्या टेबलावर नक्कलकाम. १५ ऑगस्टच्या फेस्तासाठी एक जुनं गीत काढलंय. सोप्रानो बायकांचा आवाज आता वर पोचत नाही, म्हणून सगळं एक स्वर खाली आणून लिहायचं. चार आवाज, चार ओळी. आधी पेन्सिल, मग काळं पेन. गोळा, दांडा, शेपूट. गोळा भरीव की पोकळ, दांड्याला शेपूट किती, यावर तो स्वर किती वेळ धरायचा ते ठरतं. गोळा कुठल्या रेषेवर, यावर उंची. एवढंच, आणि तेच सगळं.

मुलानं लॅपटॉपवर यासाठी सॉफ्टवेअर टाकून दिलंय. एक बटण दाबलं की सगळं गीत एक स्वर खाली. मेस्त ते वापरत नाहीत. लिहिताना तोंडानं गुणगुणत असतात आणि टेनरच्या ओळीतली जुनी चूक अशीच सापडली, असं म्हणतात. खरं सांगायचं तर त्यांना लिहायला आवडतं.

बावीस प्रती, चार पानी, झेरॉक्स पानाला दोन रुपये. एकशे शहात्तर रुपये आज खिशातून, महिनाअखेरीला पाद्री देतात. बहुतेक वेळा.

११.००

सॅक्सोफोनवाला मुलगा आला. चोवीस वर्षांचा. पुढच्या बुधवारी बोटीवरच्या नोकरीची ऑडिशन आहे, व्हिडिओ कॉलवर. एजंटानं सांगून ठेवलंय की पडद्यावर कागद दाखवतील, काही सेकंद बघायला देतील, आणि मेट्रोनोमबरोबर वाजवायचं. त्यात पास झाला तर आठ महिन्यांचा करार, पगार डॉलरमध्ये. या घराचं कौलारू छप्पर उतरवून स्लॅब घातला तो अशाच पगारातून.

पहिला अर्धा तास सॅक्सोफोन पेटीतच. नुसतं तोंडानं म्हणायचं, हातानं ताल द्यायचा. मुलगा कानाचा पक्का आहे. एकदा ऐकलं की वाजवतो. तीच अडचण आहे. बोटीवर पाहुणी गायिका दुपारी स्वतःच्या वह्या घेऊन चढते, तासभर तालीम होते, रात्री कार्यक्रम. ऐकायला वेळ कुणाकडे असतो?

मेस्तांनी विजेचं जुनं बिल घडी करून घेतलं. मुलगा जी मात्रा म्हणतोय ती बिलाखाली झाकायची आणि बिल पुढे सरकवत राहायचं. म्हणजे तोंडात एक घर, दोन उभ्या रेघांमधला तुकडा, आणि डोळ्यात पुढचं. मुलगा दोनदा अडखळला. तिसऱ्या वेळी चुकीचा स्वर लागला आणि तो थांबून मागे गेला.

"रावूं नाका!" थांबू नकोस, म्हणत मेस्तांनी टेबलावर हात आपटला. "चुकलास तर चुकलास. बँड पुढे गेला. तू कुणाबरोबर वाजवतोयस आता?"

मग स्विंग. कागदावर दोन शेपटीवाले स्वर सारख्याच लांबीचे छापलेले असतात. वाजवताना पहिला लांब, दुसरा आखूड. असं कागदावर कुठे लिहिलंय, मुलानं विचारलं. वरच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिलाय, मेस्त म्हणाले, वाचायची सुरुवात तिथून करायची.

तासाचे पाचशे. फोन टिंग वाजला. ऑडिशन होईपर्यंत मुलगा रोज येणार आहे.

दुपारी १.१५

हुमण, भात, तळलेले बांगडे. मग झोप. यावेळी सासष्टीत कुणाच्या दारात जाऊ नये.

३.३०

बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, नऊ पोरं, वय सात ते अकरा. दारात ओल्या चपलांचा ढीग. महिन्याला आठशे रुपये, आठवड्याला दोन दिवस. पहिले सहा महिने कुणी वाद्याला हात लावायचा नाही, आधी सोल्फेज, म्हणजे कागद बघून स्वर नावानं म्हणणं. चर्चला जोडलेल्या शाळांतून गोव्यात हे पोर्तुगीज काळापासून चालत आलंय. इथून जवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, १९२७ साली जन्मलेले, चर्चच्या कॉयरमास्तरांचे चिरंजीव. पुढे मुंबईत व्हायोलिन वाजवलं, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना शिकवलं. मेस्तांचे एक काका त्याच काळात धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोंयकारांच्या वसतिगृहात, राहून स्टुडिओत जायचे. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, अरेंजर ती पाच रेषांवर लिहून काढायचा, आणि व्हायोलिनवाल्यांना कागद मिळायचा तो रेकॉर्डिंगच्या दिवशीच. घरी नेऊन घोकायची सोय नव्हती.

पोरांचे उजवे हात वर. तीन मात्रांचा ताल. खाली, बाजूला, वर. आधी स्वर गायचे नाहीत, नुसती नावं तालात बोलायची. दो, रे, मी. लांब स्वर आला की पोरं घाई करतात, सगळी पोरं, दरवर्षी. त्यावर मेस्तांचा उपाय असा, की दोन मात्रांचा दो असेल तर "दो-ओ" म्हणायचं, दुसऱ्या मात्रेवर 'ओ'ला पुन्हा धक्का. गोळ्यापुढे टिंब आलं की त्याची लांबी निम्म्यानं वाढते, दीड मात्रा. तिथे निळ्या रेनकोटवाला दरवेळी पडतो. त्यानं रेनकोट अजून काढलेला नाही.

"हात कुठे होता टिंबावर?"

"खाली."

"आणि शेपटीवाला कधी आला?"

मुलानं हात हळू खाली नेला. मध्येच थांबला. हात वर यायला लागला तेव्हा म्हणाला, "आता."

"मग तेव्हाच म्हण."

नंतर विराम. हे सगळ्यात अवघड. कागदावर चूप बसायची खूण आहे, तोंड बंद, पण हात चालूच ठेवायचा. पोरांना वाटतं, काही नाही म्हणजे सुट्टी. मूठ मिटून मात्रा मोजायची. दोघी बहिणी हसायला लागल्या आणि पुढच्या स्वराला उशीर झाला.

मध्येच एका मुलाचे वडील छत्री मिटत आले. शेजारचा पोर यूट्यूबवर बघून कीबोर्डवर वाढदिवसाचं गाणं वाजवतो आणि आपला अजून टाळ्याच वाजवतोय, अशी तक्रार. चार महिने झाले. आठशे रुपये नुसत्या टाळ्यांचे?

"टाळ्या फुकट," मेस्त म्हणाले. "पैसे गप्प राहायचे घेतो."

वडील हसले नाहीत. पण पैसे दिले. या घरात पावती नाही, वहीत टीक होते.

शेवटी सहा मात्रांचं एक पान आलं. वर सहा, खाली आठ. पोरं ते तीन-तीन-तीन करत मोजू लागली आणि विस्कटली. मेस्तांनी फळ्यावर काही समजावलं नाही. एक दुलपद गुणगुणले. दोन मिनिटांत नऊही हात एका घरात दोनदाच पडायला लागले. सहा झटपट स्वर, पण झोके दोन. हे त्यांना लग्नघरी नाचताना आधीच कळलेलं होतं. कागदावर ते असं दिसतं, एवढंच नवं.

४.२५

गायचं आता. मेस्तांनी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटला आणि दांडा टेबलावर टेकवला. टेबल ला म्हणायला लागलं, सेकंदाला चारशे चाळीस कंपनं. तिथून उतरत दोपर्यंत यायचं. पोरं गोळ्यांची नावं एकेक लावत बसतात, म्हणून मेस्त बोट ठेवतात. रेषेवरून लगतच्या रेषेवर उडी, म्हणजे मधला एक स्वर सुटला. "नाव राहू दे. किती उडायचं ते बघ."

५.३०

फोंड्याकडची मुलगी बसनं आली. बारावीत आहे. आजीच्या घरी भजन, पेटी, सगळं. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाची व्हायोलिनची पाचवी ग्रेड देणार आहे. त्या परीक्षेत दीडशे गुणांपैकी न पाहिलेलं वाजवण्याला एकवीस, आणि बघायला अर्धं मिनिट. ते तिला जमतं. कान-चाचणीत सहा स्वर कागदावरून गाऊन दाखवायचे, तिथे घोळ होतो.

घोळ असा, की मेस्तांकडे दो खिळ्यानं ठोकलेला. पेटीवरची ती एकच पट्टी, कुठलंही गाणं असो. मुलीच्या डोक्यात सा आहे, आणि सा कुठेही बसतो. आज सोलपासून सुरू होणारी सप्तक-रचना होती. तिथे फा अर्धा स्वर चढवायचा, पण नाव फाच. मुलगी नाव घेते आणि घसरते.

मेस्तांनी कीबोर्डवर स्वरसंगती दिली, पहिला स्वर दिला. मुलीनं डोळे बारीक केले आणि यावेळी नुसत्या 'आ'कारात सहाही स्वर म्हटले. बरोबर.

"आत काय म्हणत होतीस?"

"सर, सोलला सा धरला."

"मग ह्या फाला तुझ्याकडे काय म्हणतात?"

"नी."

"कुठला?"

"शुद्ध."

मेस्तांनी क्षणभर हिशेब केला. "चालेल. परीक्षेत अक्षरं कुठलीही चालतात. आत सा धर, बाहेर आ म्हण." आणि पुढचं पान उलटलं.

आमच्याकडेही लिपी आहेच. भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं कित्येक मराठी घरांत आहेत, कोमलला खाली आडवी रेघ, तारसप्तकाला वर टिंब. पण ती वही बहुतेक जण आधी ऐकलेलं आठवायला उघडतात. इथे या मुलीसमोर मेस्त रोज असं पान ठेवतात जे तिनं कधी ऐकलेलं नाही. फरक मोठा आहे, आणि दोन्हीकडे कष्ट कमी नाहीत.

७.३०

कॉयरची तालीम, चर्चमागच्या खोलीत. चौदा जण. बेसमध्ये तिघे, त्यातला एक बस चालवून थेट आलेला. पन्नाशीपुढचे कागद वाचतात. तरुण मुलं फोनवर आपापल्या आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकून येतात. ती रेकॉर्डिंगं मेस्तच पाठवतात, चार आवाज स्वतः गाऊन, सोप्रानोसकट. ते ऐकणं हा स्वतंत्र अनुभव आहे. त्यांची त्याबद्दल कुरकुर नाही. फोनवर एक गीत आठवड्यात बसतं, कागदावर आज रात्री बसतं, इतकाच त्यांचा हिशेब.

सकाळचे कागद वाटले. एकदाच स्वर दिला आणि हात खाली. नवव्या घरात आल्टो कोसळल्या. टिंबच. मोठ्या माणसांनाही टिंबच. बेस तसेच पुढे गेले, मेस्तांचा हात चालूच. दोन आंटी ओठ हलवत, गप्प राहून मोजत राहिल्या आणि तेराव्या घरात नेमक्या आत शिरल्या. बाकीच्या त्यांच्यामागून. गीत संपेपर्यंत कुणी थांबलं नाही.

"सगळे एकदम संपलो," मेस्त म्हणाले. "आता नववं."

९.१०

घरी येऊन वही. पोरांपैकी चौघांचे आले, पाच बाकी. सॅक्सोफोनचे पाचशे. झेरॉक्स वजा, पेट्रोल शंभर वजा. बेरीज व्हायच्या आत फोन.

शेजारच्या वाड्यावर मयत. दफन उद्या चारला. कॉयर आहे, व्हायोलिनं दोन हवीत. एकाचे हजार. मेस्तांनी आधी जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो बँकेत असतो, चारला सुटत नाही. दुसरा सुटतो. मडगावची उद्याची शिकवणी शनिवारवर गेली.

मयताची मुलगी इंग्लंडात, स्विंडनला. ती पोचतेय सकाळी. पप्पांच्या आवडीचं एक गीत तिला हवंय, तिनं कागदाचा फोटो पाठवला. फोटो तिरका, खालची ओळ कापलेली. मेस्तांनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला, पाय टेकत एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग दुसऱ्या व्हायोलिनवाल्याला तोच फोटो पुढे पाठवून फोन केला.

"तालीम कधी?" पलीकडून प्रश्न.

"कसली तालीम? साडेतीनला ये. खालची ओळ तिच्याकडून मागवतो. आणि हे बघ, पेट्रोल हजारातच."