नंबर गाडीचा, दंड कुणाचा?

बँकेत तेहतीस वर्षे काढल्यामुळे कुणी हिशेब पुढे सरकवला की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. परवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका जुन्या कर्जदाराकडे चहाला बसलो होतो. पहिल्या ट्रकच्या कर्जासाठी माझ्या टेबलापुढे घाम पुसत बसणाऱ्या या गृहस्थाचे आता अकरा ट्रेलर आहेत.

"साहेब, हे जरा बघा," म्हणत त्याने ई-चलनांची यादी दिली. सत्तावीस चलने! मेसेज जायचे ते आरटीओत नोंदलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर याने वर्षापूर्वीच बंद केलेला. यादीत तारीख, ठिकाण, रक्कम, 'भरले' की 'बाकी', सगळे होते. स्टिअरिंगवर कोण होता, एवढेच नव्हते. कॅमेऱ्याला ओळख पटते ती नंबरप्लेटची.

२०२४ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नवे कॅमेरे आले. यायलाच हवे होते. तिथले अपघात आम्ही पनवेलकरांनी फार जवळून पाहिले आहेत.

"पैसे कुणाकडून घेतोस?"

"गाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्या पगारातून."

"आज ज्याच्या ताब्यात, की त्या दिवशी होती त्याच्या?"

तो गप्प झाला. मी फेऱ्यांचे रजिस्टर मागवले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३३ सांगते, की पोलिसांनी विचारल्यास गाडी कोण चालवत होता हे मालकाने सांगितले पाहिजे. म्हणजे सगळी भिस्त त्या तेलकट रजिस्टरवरच.

तारखा जुळवता जुळवता दुपार झाली. एका चलनाच्या दिवशी ट्रेलर गॅरेजमध्ये उभा होता. फोटो उघडला, तर त्यात भलताच टेम्पो! त्याची तक्रार वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर नोंदवली.

आणि पार्किंगची चलने? पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००. गोदामवाला सांगतो, "नंबर लागेपर्यंत बाहेर थांब." मालकही फोनवर तेच सांगतो. मग रस्त्याकडेला थांबणाऱ्याने दंड का सोसावा? मी हे म्हटल्यावर मालकाने चहा पुन्हा मागवला, उत्तर मात्र दिले नाही.

बीडकडच्या एका पोराच्या पगारातून चार दंड कापले होते. त्यातले तीन त्याच्या आधीच्या ड्रायव्हरच्या तारखांचे निघाले. पेन्सिलीने मी तिन्हींभोवती गोल केले आणि यादी मालकाकडे सरकवली. तो बराच वेळ त्या गोलांकडे बघत राहिला. पोरगा तेव्हा न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत होता. मालकाने फोन लावला.

"गाडी चालवतोयस का? नाही ना? मग ऐक."