नसांतलं कॅल्शियम आणि डायची तपासणी

श्रीरामपूर भागातला पेशंट छातीत दुखतं म्हणून लोणीला नाहीतर नगरला जातो. परत येताना रिपोर्टवर लिहिलेलं असतं, 'रक्तवाहिनीत कॅल्शियम'. झालं! घरात दूध बंद, नाचणी बंद. कुणी सांगतं, बोअरच्या जड पाण्यानं झालं. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर चढतो तसा नसांना चढला.

तसं नसतं. नसेच्या भिंतीत आधी चरबी साचते, तिथं सूज येते आणि त्या जुन्या दुखण्यावर वर्षानुवर्षांनी कॅल्शियम बसून भिंत कडक होते. वाढतं वय, बिडी-तंबाखू, मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल, किडनीचा जुना आजार ही त्यामागची कारणं. तंबाखूला चुना लावणाऱ्याला वाटतं चुनाच नसांत गेला. आळ चुन्यावर, काम मात्र तंबाखूचं. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नये.

हृदयाच्या नसांतलं कॅल्शियम मोजायला साधं सीटी स्कॅन पुरतं, डाय लागत नाही. १९९० साली अमेरिकेतले डॉ. आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी मांडली. स्कोअर शून्य म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही. ४०० च्या वर म्हणजे भरपूर. पण मऊ चरबीचा अडथळा यात दिसत नाही. म्हणून छातीत दुखत असेल तर शून्यावर विसंबून घरी बसू नये.

नसेतून रक्त किती जातं हे पाहायला डाय लागतो. त्यात आयोडीन असतं, ते एक्स-रे अडवतं, म्हणून रक्ताची वाट उठून दिसते. सीटी अँजिओग्राफीत डाय हाताच्या शिरेतून देतात. नेहमीच्या अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. कॅल्शियम फार असलं की सीटीत ते इतकं चकाकतं की आतली वाट नीट दिसत नाही, मग नळीची तपासणी करावी लागते. "एकदा सीटी झालं, पुन्हा कशाला, पैसे काढतात" असं आपण म्हणतो. दर वेळी ते खरं नसतं. कारण विचारावं, तो आपला हक्कच आहे.

डाय लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. किडनीचा त्रास, दमा, पूर्वी डायनं उठलेल्या गांधी, पोटात बाळ असल्याची शक्यता, यातलं काहीही असलं तर न लाजता सांगा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तीही दाखवा. काहींना ती थोडे दिवस थांबवावी लागते, पण ते डॉक्टर ठरवतील. डाय जाताना अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं होतं. मिनिटा-दोन मिनिटांत ते जातं. खाज सुटली, श्वास कोंडला तर मात्र लगेच ओरडून सांगा.

अँजिओप्लास्टीची गरज निघाली तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात. पैसे भरण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा.