घाटावरचें राज्य : सॅव्हॉय घराण्याचा उत्कर्ष

राज्यें तरवारीनें मिळतात असा सामान्य समज आहे. इतिहास वाचतांना लढाया आणि वेढे हेच आधीं डोळ्यांत भरतात, त्यामुळें तो समज दृढ होतो. परंतु आल्प्स पर्वताच्या कुशींत वाढलेल्या सॅव्हॉयच्या राज्याची हकीगत पाहिली म्हणजे राज्यविस्ताराचे याहून संथ आणि अधिक टिकाऊ मार्गही असतात असें दिसून येतें. ती हकीगत आम्ही आज वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

या घराण्याचा मूळ पुरुष हंबर्ट. त्यास पुढें 'शुभ्रहस्त' असें उपनांव पडलें. इ. स. १०३२ मध्यें बर्गंडीचा राजा तिसरा रुडॉल्फ वारला व त्याच्या वारशाबद्दल तंटा लागला. हंबर्टनें जर्मन सम्राट दुसरा कॉनराड याचा पक्ष धरिला. सम्राटाची सरशी झाली आणि हंबर्टच्या पदरीं डोंगरांतला मुलूख पडला. मोरिएन व आओस्टा हीं खोरीं या घराण्याचा आरंभींचा आधार होत. जमीन खडकाळ, हिवाळा लांब, पीक बेताचें. मग या मुलुखाचें मोल तें काय? फ्रान्सकडून इटलींत उतरणारे माँ सेनी, थोरला सेंट बर्नार्ड आणि धाकटा सेंट बर्नार्ड हे घाट याच प्रदेशांत होते. व्यापारी, रोमचे यात्रेकरू, फौजा घेऊन निघालेले सम्राट, या सर्वांना वाट हीच. घाटाच्या तोंडाशीं जो बसला त्यास जकात मिळे; आणि जकातीहूनही मोलाची गोष्ट ही कीं, बड्या बड्यांना त्याची गरज लागे.

हंबर्टचा पुत्र ओडो याचा विवाह ट्यूरिनच्या जहागिरीची वारस अडेलेड हिच्याशीं झाला. त्यामुळें माँ सेनी घाटाचा इटलीकडील पायथा, म्हणजे सूसाचें खोरें, घराण्याकडे आलें. पतीच्या मागें अडेलेडनें कारभार स्वतः पाहिला. तिची मुलगी बर्था सम्राट चौथा हेन्री यास दिली होती. पोपनें बहिष्कृत केलेला हा जांवई इ. स. १०७७ च्या ऐन हिवाळ्यांत क्षमायाचनेसाठीं कानोसाकडे निघाला, तेव्हां इतर घाट शत्रूंनीं रोखले होते. त्यास सासूच्याच दारावरून जाणें भाग पडलें. वाट देण्यापूर्वीं तिनें मुलूख मागून घेतला, असें त्या काळच्या बखरकारानें लिहून ठेविलें आहे. राजकारण हें केवळ पुरुषांचें क्षेत्र, असें मानणारांनीं हा प्रसंग अवश्य ध्यानांत ठेवावा.

इ. स. १०९१ मध्यें अडेलेड वारली आणि ट्यूरिन हातचें गेलें. तें परत मिळविण्यास जवळजवळ दोन शतकें लागलीं. पण घराण्यानें धीर सोडला नाहीं. इ. स. १२३२ मध्यें पहिल्या थॉमसनें शांबेरी हें गांव चक्क विकत घेतलें. पुढें तीच राजधानी झाली. त्याचा पुत्र पीटर हा इंग्लंडच्या राणीचा मामा. भाचीच्या आश्रयानें त्यास लंडनमध्यें थेम्सच्या कांठीं जागा मिळाली. तेथें आजही सॅव्हॉय हें नांव टिकून आहे. इकडे जिनीव्हा सरोवराच्या उत्तरेस व्हॉ प्रांतांत त्यानें आपलें बस्तान बसविलें. इ. स. १३५५ मध्यें फ्रान्सशीं मुलुखांची अदलाबदल होऊन फोसिन्यीचा प्रांत हातीं आला. इ. स. १३८८ मध्यें नीस शहरानें सॅव्हॉयचें स्वामित्व पत्करलें आणि या डोंगरी राज्यास समुद्र दिसला. इ. स. १४०१ मध्यें आठव्या अमेडियसनें जिनीव्हाची काउंटी खरेदी केली, १४१६ मध्यें सम्राट सिगिस्मंडनें त्यास ड्यूक केलें आणि १४१८ मध्यें भाऊबंदांची शाखा खुंटल्यानें पीडमाँट त्याच्याकडे आलें.

विवाह, खरेदी, वारसा आणि तह, यांवर ही इमारत उभी राहिली. तरवार म्यानांतच होती असें मात्र नव्हे. शिवाय दोन बलाढ्य शेजाऱ्यांमधील दाराचा राखणदार तोंवरच सुखी, जोंवर शेजारी एकमेकांस भितात. इ. स. १५३६ मध्यें फ्रान्सनें राज्याचा बहुतेक भाग व्यापला आणि बर्नच्या स्विस लोकांनीं व्हॉ घेतलें. १५५९ च्या तहानें बरेंच परत मिळालें, व्हॉ मात्र कायमचें गेलें. या धड्यानें शहाणा झालेल्या इमॅन्युएल फिलिबर्टनें इ. स. १५६३ मध्यें राजधानी शांबेरीहून ट्यूरिनला हलविली. घराण्याचें तोंड इटलीकडे वळलें तें याच वेळीं.

पुढें इ. स. १७२० मध्यें सार्डिनियाचें राजपद आणि १८६१ मध्यें अवघ्या इटलीचा मुकुट या घराण्यास लाभला. पण त्यासाठीं फ्रान्सचें साहाय्य हवें होतें, आणि त्याचें मोल म्हणून इ. स. १८६० मध्यें नीस व खुद्द सॅव्हॉय फ्रान्सला द्यावें लागलें. ज्या खोऱ्यांनीं आठ शतकें हें घराणें पोसलें, तींच सौद्यांत गेलीं. तेथील लोकांचा कौल घेण्यांत आला हें खरें. पण सौदा ठरला होता तो त्याआधींच. घराणें इटलीच्या सिंहासनावर उणींपुरीं पंचाऐंशी वर्षें राहिलें, इ. स. १९४६ च्या लोकमतानें तेंही संपलें. शेवटच्या राजाचें नांव उंबर्टो, म्हणजे मूळ पुरुषाचेंच.

मिळविण्याची कला या घराण्यास पूर्ण साधली होती. परंतु मिळवितां मिळवितां मुळाचें घर कोणत्या दिवशीं विकाऊ झालें, याचा हिशेब कोणत्याही राज्यानें, आणि आम्ही तर म्हणूं कीं कोणत्याही कुटुंबानें, वेळींच ठेवावा हें बरें.