मुका रेडिओ

निजामाच्या शरणागतीची वार्ता १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या रेडिओवरून प्रसृत झाली. नांदेड-लातूरकडे रेडिओ तेव्हा विरळाच, आणि त्यात काचेचे व्हॉल्व्ह असत. असा संच आज कोणाच्या माळ्यावर गवसला, तर तो एकदम विजेस जोडू नये. त्यातील कपॅसिटर पडून पडून निकामी होतात व रोहित्र जळण्याचे भय असते.

व्हॉल्व्हला दोन प्रकारचा वीजदाब लागतो : तंतू तापविण्यास बहुधा ६.३ व्होल्ट आणि मुख्य कार्यास सुमारे २५० व्होल्ट. म्हणून कारागीर प्रथम संचाच्या पाठीमागून डोकावतो. एकही तंतू लालसर दिसत नसेल, तर दोष पिन, दोरी, फ्यूज किंवा रोहित्रात शोधावा. तंतू उजळूनही संच मुका राहिला, तर मोठा दाब पोहोचत नसावा. भुंग्यासारखी अखंड घरघर ऐकू आली, तर वीज सपाट करणारा कपॅसिटर सुकला, असे बहुधा समजावे. केवढे हे बोलके दुखणे !

मुलांनो, पिन काढली तरी हाच कपॅसिटर कित्येकदा प्राणघातक वीज धरून बसतो. जाणता कारागीर ती आधी रोधकातून वाहून जाऊ देतो, मापकाने पाहतो आणि मगच आत हात घालतो.