हस्तलिखितावरील दुसरा हात

पूर्ण झालेल्या हस्तलिखिताची भाषा नीटस करून घेण्यासाठी लेखकाने स्वतः मोबदला देऊन संपादक नेमावा, ही रीत मराठीत फारशी जुनी नाही. हे काम दीर्घकाळ मासिकांच्या आणि प्रकाशनगृहांच्या कचेऱ्यांत चाले. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक त्यासाठी विशेष ख्यात होते. आलेल्या लिखाणाविषयी ते लेखकांशी पत्रव्यवहार करीत, कथेचे पुनर्लेखन सुचवीत. सूचना संपादकाची असे. पुन्हा लिहिण्याचे श्रम लेखकाचे. स्वतंत्रपणे नेमलेल्या संपादकाच्या बाबतीत हा क्रम उलटण्याचा संभव असतो. लेखक हस्तलिखित सोपवून मोकळा होतो आणि त्याच्या हाती परत येते ते ‘स्वच्छ’ गद्य.

ही स्वच्छता मराठीत पुष्कळदा एका अनुस्वारावर येऊन ठेपते. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालते. एरवी ‘असे केले’ लिहावयाचे. निवेदन आणि संवाद जेथे वेगळे काढता येतात तेथे हा नियम सोयीचा आहे. आत्मकथनात मात्र निवेदक हेच मुख्य पात्र असते. दया पवारांचे १९७८ साली ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केलेले आत्मकथन ‘बलुतं’ या नावाने आले. केवळ नियमावर बोट ठेवणाऱ्याने त्याचे ‘बलुते’ केले असते. अर्थ तोच राहिला असता. बोलणारा मनुष्य हरवला असता.

अर्थात बोलीच्या नावाखाली सर्वच राखावे असे नव्हे. जयपूरच्या वैशाली नगरासारख्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी लेखकाचा नित्याचा व्यवहार हिंदीतून होतो. त्याच्या लेखनात ‘शिक्षणा’च्या जागी ‘शिक्षा’ आणि ‘वाहतुकी’च्या जागी ‘यातायात’ सहज येऊन बसते. पुण्याचा वाचक पहिल्या शब्दाने दंड समजेल, दुसऱ्याने दगदग! येथे संपादकाची गरज खरीच आहे. परंतु निवेदनातील ‘शिक्षा’ बदलणारी लेखणी त्याच झपाट्यात आजीच्या तोंडची हिंदीमिश्रित मराठीही पुसून टाकते, आणि बृहन्महाराष्ट्रीय बोलीचा एक पुरावा नाहीसा होतो. पुढे कुणी अभ्यासक त्या पुस्तकातील वाक्यांवरून लेखकाच्या शैलीविषयी सिद्धान्त मांडू लागला, तर ती वाक्ये कोणाची, हे त्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

म्हणून काम सोपविण्यापूर्वी एका प्रकरणाचे संपादन नमुन्यादाखल करून घेणे इष्ट. लेखननियम लावणे, अर्थाचा घोटाळा दूर करणे आणि वाक्याची घडण बदलणे ही कामे भिन्न आहेत. पहिले संपादकाने परस्पर करावे, दुसरे विचारून. तिसऱ्यासाठी त्याने समासात प्रश्न लिहून थांबावे. संगणकावर प्रत्येक बदलाची खूण राखता येते. ती पुसण्यापूर्वी मूळ प्रत निराळी ठेवावी.