गाडी आधी जुंपून बघा, मग सौदा करा



उसाचे बिल हाती आले की बऱ्याच घरांत चारचाकीचा विषय निघतो. शोरूमवाला चौकापर्यंत एक चक्कर मारून आणतो आणि लगेच बुकिंगची पावती पुढे करतो. पण बैल घेताना आपण नुसते दात बघत नाही, औताला जुंपून बघतो. गाडीचेही तसेच करावे, असे आमचे सांगणे आहे.

चाचणीसाठी निदान तासभर मागा. घरची माणसे बसवा, एसी चालू ठेवा आणि गाडी आपल्या वस्तीच्या रस्त्याने न्या. चाकोरीत पोट घासते का, चढाला दम टिकतो का, मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे अवघडतात का, हे तिथेच कळते.

मग भावाचे बोला. दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी कोटेशन घ्या. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ कर, विमा, जादा सामान ही कलमे वेगवेगळी मागा. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरही दर विचारा. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के झाला आहे; जुन्या दरपत्रकावर जाऊ नका. जानेवारीत गेल्या सालची गाडी दाखवली, तर बनावटीचा महिना बघून सूट मागा.

घाई दिसली की भाव गेला. हा घामाचा पैका आहे. सौदा पटला नाही तर उठून यायला लाजू नका.